कळा थांबवण्याचं औषध

गर्भाशयाचा तुकडा शरीराबाहेर काढला तरी तो हलायचा थांबत नाही. बोटाच्या पेराएवढी पट्टी कापायची, दोन्ही टोकांना दोरा बांधायचा आणि ती एका उभ्या काचेच्या भांड्यात सोडायची. भांड्यात क्षार आणि साखर घातलेलं द्रावण, त्याला शरीराइतकी ऊब, आणि खालून हवेचे बुडबुडे. आमच्या कॉलेजात या हवेसाठी माशांच्या टाकीचा पंप लावलेला होता. वरचा दोरा एका हलक्या काडीला जोडलेला असतो आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या, सावकाश फिरणाऱ्या कागदावर टेकलेलं असतं. सुरुवातीला काहीच होत नाही. पट्टी दमलेली असते. मग थोड्या वेळाने, कुणी काहीही न करता, ती आवळते. काळ्या कागदावर पांढरी रेघ चढते, उतरते आणि पुन्हा चढते.

विद्यार्थिनी असताना मी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा प्रॅक्टिकल संपून सगळे गेले तरी मी तिथंच उभी होते. हाताचा स्नायू आपण सांगू तसा चालतो. आतड्याचा, श्वासनळीचा, गर्भाशयाचा स्नायू आपल्याला विचारत नाही. त्याला पुस्तकात अनैच्छिक स्नायू म्हणतात. पुढे नगरजवळच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवायला लागले आणि पीएच.डी.साठी हाच स्नायू घेतला.

विषय साधा होता. शरीरात दाह झाला की काही द्रव्यं तयार होतात आणि ती गर्भाशयाला आवळायला लावतात. पाळीच्या दिवसांत पोटात कळ येते, ती बरीचशी यांच्यामुळेच. दाह कमी करणारी गोळी ही द्रव्यं तयारच होऊ देत नाही, म्हणून कळ थांबते. खेड्यात सुजेवर निर्गुडीचा पाला बांधतात. निर्गुडीच्या अर्काने ही कळ थांबते का, एवढंच मला पाहायचं होतं. आधी भांड्यात नेहमीचं औषध टाकायचं. चढणाऱ्या रेघा बुटक्या होत जायच्या आणि शेवटी सपाट. मग पट्टी धुवायची, तिला पुन्हा चालू होऊ द्यायचं, आणि अर्क टाकायचा.

यासाठी लागणारं गर्भाशय मी भिंगारच्या बाजारातल्या एका खाटिकाकडून आणायची. मी आणि माझे पती भिंगारमध्येच भाड्याने राहत होतो. गर्भाची पिशवी मागणारं गिऱ्हाईक त्यांनी आयुष्यात दुसरं पाहिलं नव्हतं.

"मॅडम, लोक कलेजी मागतात. आम्ही जे फेकतो ते तुम्ही मागता."

"काय करू चाचा, आम्हाला तेच लागतं."

"आज नाही मिळणार. आज सगळे बोकडच आलेत. त्यांच्यात शोधून बघू का?"

पैसे ते घेत नसत. डॉक्टर झाल्यावर पेढे द्या म्हणायचे. मी पेशंट तपासणारी डॉक्टर होणार नाही, हे त्यांना दोन-तीनदा सांगून मी सोडून दिलं होतं.

लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहून मला दिवस राहिले. पोट दिसायला लागलं तशी चाचांनी मला पाहिलं आणि दुकानाच्या पायरीवरच थांबवलं. "तुम्ही नका येऊ आता. माझ्या बायकोनं बघितलं तर ती मलाच कापेल. साहेबांना पाठवा." त्यानंतर माझे पती नागापूरच्या कंपनीत जाताना बर्फ घातलेला थर्मास घेऊन आधी चाचांकडे जायचे आणि वाटेत कॉलेजवर तो देऊन पुढे कामावर. एकदा कंपनीतला एक सोबती गाडीवर भेटला आणि थर्मास पाहून चहा मागू लागला. ते घरी आल्यावर हे सांगताना हसून हसून बेजार झाले होते. आत्याही हसल्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या राहुरीजवळच्या गावाहून माझ्यासाठी येऊन राहिल्या होत्या.

सहावा महिना संपत आला होता. एका दुपारी वर्गात उभी असताना पाठीत उसण भरल्यासारखं झालं. बसले, बरं वाटलं. मग पुन्हा झालं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून उभी होते आणि दुखणं चढतंय, टोकाला जातंय, उतरतंय, हे मला नीट कळत होतं. असलं चढणं-उतरणं मी इतक्या वेळा कागदावर पाहिलं होतं की त्याला उसण म्हणणं मला शक्य नव्हतं.

दवाखान्यात पोटावर रुंद पट्टा बांधला. यंत्रातून कागद सरकत बाहेर येऊ लागला. सिस्टरने तो फाडला, तेव्हा मी हात पुढे केला. "मला बघू द्या."

"काय बघता मॅडम, त्यात बाळाचा फोटो नसतो," ती म्हणाली, पण दिला.

कागदावर डोंगर होते. माझ्या कागदावरचे पांढऱ्या रेघेचे असत, हे काळ्या रेघेचे, एवढाच फरक.

डॉक्टरबाई वयाने मोठ्या होत्या आणि कमी बोलायच्या. "तुम्ही हेच शिकवता ना? मग तुम्हाला वेगळं सांगायला नको. बाळाची फुप्फुसं अजून तयार नाहीत. ती पक्की व्हावीत म्हणून इंजेक्शन देते, दुसरं उद्या. ती लागू पडायला दोन दिवस मिळाले पाहिजेत. तोवर कळा थांबवू." आणि कळांसाठी त्यांनी जे औषध लिहिलं, ते माझ्या प्रयोगशाळेतल्या फळीवर होतं. दाह कमी करणारं. मी भांड्यात टाकायची तेच.

पलंगाचा पायथा विटा लावून उंच केला. मी डाव्या कुशीवर पडून राहिले. मला दोन दिवस हवे होते. दुसरं काही नको होतं. शिंक आली तरी भीती वाटायची. औषध आता पोटात विरघळलं असेल, आता रक्तात आलं असेल, आता पोचलं असेल, असं मी एकेक पायरी मनात म्हणत होते. एरवी देवाचं नाव घेणारी मी नाही. त्या दिवशी घेतलं. मग पुन्हा पायऱ्या म्हणत बसले.

डोंगर बुटके झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कागदावर जवळजवळ सपाट रेघ होती.

"थांबलं का गं?" आत्यांनी विचारलं.

"थांबलंय."

"मंग च्या घे थोडा. कालपासून पोटात काय न्हाई तुझ्या."

मी चहा घेतला. पती खाली इंजेक्शन आणायला गेले होते. मला थंडी वाजू लागली. पंखा बंद करा म्हटलं, तर पंखा बंदच होता. आत्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि सिस्टरला हाक मारली.

डॉक्टरबाईंनी पोट दाबून पाहिलं, नाडी पाहिली, तपासलं. रक्ताचा रिपोर्ट आला. त्या खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या, तेव्हाच मला कळलं.

"कळांचं औषध बंद करते," त्या म्हणाल्या. "आत जंतुसंसर्ग आहे. दाह त्यामुळे आहे आणि कळा त्या दाहामुळे. औषधानं कळा दबल्या, जंतू नाही दबले. पिशवी मोकळी व्हायला बघतेय, आणि तिचं बरोबर आहे."

माझ्या भांड्यातल्या पट्टीला कधी कुठला जंतू नव्हता. तिथलं औषध मीच मोजून टाकायची आणि मीच धुऊन काढायची. रेघ सपाट झाली की प्रयोग यशस्वी. मी मान हलवली, म्हणजे मला समजलं होतं. आणि तरी मी म्हणाले, "अजून एक दिवस."

"नाही."

"एकच. दुसरं इंजेक्शन होऊ दे. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"विष रक्तात भिनलं तर तुम्हीही जाल आणि बाळही. पोटात ठेवून ते वाचणार नाही."

मी त्यांचा हात धरून ठेवला होता. सोडत नव्हते. मी आत्यांकडे पाहिलं. नातवंडासाठी त्यांनी किती उपास धरले होते ते मला माहीत होतं. मला वाटलं, या तरी माझ्या बाजूने बोलतील. आत्या डॉक्टरबाईंना म्हणाल्या, "तिचं काय ऐकू नका. ती लई शिकलीय, पन आता तिला काय समजंना. आमाला आमची पोर पायजे."

या वाक्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. त्या वाक्यामुळे मी आज हे लिहिते आहे, हेही मला माहीत आहे.

औषध बंद झालं आणि कळा परत आल्या. त्या आधीपासून तिथंच होत्या. मुलगी झाली. तिचा आवाज आला नाही. मला चाकाच्या खुर्चीवरून बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या काचेपर्यंत नेलं तेव्हा ती नळ्यांमध्ये होती, आणि प्रत्येक श्वासाला तिची छाती बाहेर येण्याऐवजी आत जात होती. तिचा एक हात उघडा होता. मी काचेवर बोट ठेवलं, तर तिथल्या सिस्टरने सांगितलं, काचेला हात लावू नका. मी काढला. दिवस मावळायच्या आत ती गेली.

पती आणि त्यांचे मामा तिला राहुरीच्या शेतात घेऊन गेले. आत्यांचं एक जुनं लुगडं फाडून त्यात गुंडाळली होती. कुठे ठेवली विचारलं, तर बांधाच्या कडेला म्हणाले. मी येते म्हटलं, तर म्हणाले, आईनं जायचं नसतं. नाव ठेवलेलं नव्हतं, दात आलेले नव्हते, म्हणून दहावं नाही, तेरावं नाही. बरं होऊन मी घरी आले तेव्हा घर झाडलेलं होतं आणि बाहेर नेहमीसारखे कपडे वाळत होते. पती चार दिवसांनी कामावर गेले. ते जाताना दारात बराच वेळ बूट घालत होते.

शेजारची एक बाई भेटायला आली. चहा पिऊन झाल्यावर आत्यांना हळू आवाजात, पण मला ऐकू येईल असं म्हणाली, "मुक्या जनावरांच्या पिशव्या चिरत होती. तळतळाट लागतोच."

"व्हय का," आत्या म्हणाल्या. "मंग त्या खाटकाला सा पोरं कशी झाली?"

ती बाई परत आली नाही. मला आत्यांचा हात धरावासा वाटला आणि धरवला नाही.

बाळंतपणानंतर गर्भाशय आवळत आवळत पूर्ववत होतं. पहिलटकरणीला ते फारसं दुखत नाही, असं पुस्तकात आहे. मला दुखलं. दूध आलं त्या दिवसापासून जास्तच. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या होत्या, त्याच जातीच्या, दाह आणि कळ कमी करणाऱ्या. आता त्या घ्यायला काहीच हरकत नव्हती. पाकिटावरचं नाव मी वाचलं आणि गोळी मोरीत टाकून पाणी ओतलं. दुसरीही. आत्या विचारायच्या, "घेतली का?" मी हो म्हणायची.

घरात कुणी तिच्याबद्दल बोलत नव्हतं. तिचा एकही कपडा नव्हता, फोटो नव्हता. पण दिवसातून काही वेळा पोट आवळून यायचं, आणि तेवढा वेळ मला खात्री असायची की आत कुणीतरी होतं. मी दात दाबून पडून राहायची आणि कळ उतरायला लागली की मला नको वाटायचं. ही संपली की पुढची येईल ना, हेच मनात. आधी जे थांबावं म्हणून मी देवाची विनवणी केली होती, ते चालू राहावं म्हणून आता करत होते.

मग एका सकाळी कळ आली नाही. दूधही आटत आलं होतं. मी बेंबीखाली बोटं दाबून पाहिलं. काही लागलं नाही. पिशवी आकसून ओटीपोटाच्या हाडामागे गेली होती, जायला हवी तशी, वेळेवर. मी दुपारपर्यंत हलले नाही, उठले तर आलेली कळ चुकेल अशा भीतीने.

आत्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "थांबलं का दुखायचं?"

"नाही," मी म्हणाले. "दुखतंय."

गोळी घेतली का, हे त्यांनी या वेळी विचारलं नाही. मग आत गेल्या आणि शेकायला फडकं गरम करण्यासाठी तवा गॅसवर ठेवला.