आणखी जरासं फिरवा
बाळांनो, छपरावरचा जुना अँटेना काढून टाक, असं तुमचे बाबा काल फोनवर म्हणाले, म्हणून हे लिहिते. वादळाच्या सकाळी श्रीवर्धनात वीज होती, पण केबल आणि मोबाइल बंद पडले, तेव्हा आजोबा भर वाऱ्यात शिडीवर चढून अँटेना फिरवू लागले. "आलं का गं?" "पडद्यावर मुंग्याच आहेत, वर साखर सांडलीत की काय?" मग अंधुक चित्र आलं, आवाजही आला: वादळ दुपारी इथेच धडकणार. तेवढं पुरे होतं. पण मला सगळं स्वच्छ लागतं. मी ओरडले, "आणखी जरासं फिरवा!" आणि शिडी घसरली. शेजाऱ्यांनी त्यांना उचललं, आणि माझ्याकडून बातमी कळताच स्वतःचं घर सोडलं. दुपारी त्या घरावर माड कोसळला. आजोबा चौथ्या दिवशी गेले. शेजारची पाचही माणसं अजून आहेत.