काकांचा स्टँड

आख्ख्या विरारमध्ये उमेदवार ज्याला घाबरतात असा एकच मतदार आहे, आणि तो आमच्या डोक्यावर राहतो. म्हणजे फुलपाड्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि काका तिसऱ्यावर. निवडणूक लागली की हात जोडलेली माणसं जिना चढतात, आमच्याकडे दात दाखवतात, वर जातात आणि पाऊण तासाने खाली येतात ती परीक्षेत नापास झालेल्या पोराचं तोंड घेऊन. काका काही मारत नाहीत हां. ओरडतसुद्धा नाहीत. ते पाहुण्याला बसवतात, चष्मा बनियनला पुसतात आणि विचारतात, "गटार, लाद्या, हळदीकुंकू, ते सगळं सोडा. वाहतुकीवर तुमचा स्टँड काय?"

'स्टँड' हा काकांचा लाडका शब्द. आयुष्यभर एका कंपनीत ड्रॉइंग काढायचं काम केलं, त्यामुळे त्यांना वाकडी रेघ चालत नाही आणि वाकडं उत्तर तर अजिबात नाही. भाजीवालीला ते विचारतात, "मावशी, भाव सोडा, गवार कोवळी आहे की नाही, तुमचा स्टँड काय?" वॉचमनला विचारतात, "लिफ्टमध्ये कुत्रा न्यायचा की नाही, तुझा स्टँड काय?" मला मिमिक्रीचा किडा आहे, शाळेत मुख्याध्यापकांच्या आवाजात मी एकदा अर्ध्या दिवसाची सुट्टीसुद्धा दिली होती, तेव्हा काका माझ्या तावडीतून सुटणार कसे? सोसायटीच्या गणपतीत मी स्टेजवर त्यांचा चष्मा पुसला, त्यांचा घसा खाकरला आणि बाप्पालाच विचारलं, "मोदक सोडा, तुमचा स्टँड काय?" लोक खुर्च्यांवरून पडले. काका पहिल्या रांगेत होते. कार्यक्रम संपल्यावर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आवाज छान काढतोस. पण तुझा स्वतःचा काही स्टँड नाही बघ."

आता वाहतुकीचंच एवढं का, तर त्याच्यामागे एक बस आहे. आमच्या नाक्यावरून सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे नऊ-दहाला, एक सिटी बस सुटायची, ती पुलावरून पश्चिमेला उतरून थेट अर्नाळ्याला. अर्नाळा हे काकूंचं माहेर. दर रविवारी दोघं त्या बसने जायची, काकू भावाकडे मांडी घालून बसायच्या आणि काका समुद्राकडे बघून "इथे जेट्टी चुकीच्या कोनात आहे" वगैरे सांगायचे. मग ती बस बंद झाली. कारण काय, तर प्रवासी नाहीत. काकांनी तपास केला. नाक्यावरचा इस्त्रीवाला म्हणाला की एका रविवारी प्रवासी मोजायला एक माणूस पॅड घेऊन आला, खांबापाशी उभा राहिला, कोणीच दिसलं नाही म्हणून शून्य लिहून गेला. आणि नेमका त्याच रविवारी काकूंचा गुडघा सुजला म्हणून दोघं घरी! काका हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज खाली जातो. मीही इथे मिमिक्री करत नाही.

काकूंच्या गुडघ्याला स्टेशनचा जिना झेपत नाही. रिक्षा पूर्वेची पूर्वेत. पुलापलीकडे जायचं तर आख्खी रिक्षा स्पेशल करावी लागते, आणि स्पेशल काकांना मान्य नाही. "स्पेशल केली की आपण हरलो," असा त्यांचा स्टँड. म्हणून काकू दोन वर्षं माहेरी गेल्या नाहीत, आणि काका दोन वर्षं दर रविवारी फडकं घेऊन जातात, बस थांब्याचा गंजका खांब पुसतात, आणि नऊ-दहा होईपर्यंत तिथे एकटेच रांगेत उभे राहतात. काकू मला एकदा म्हणाल्या, "येडाय रे तो. पन सांगनार कोन?"

यंदा निवडणूक लागली आणि काकांनी नोटीस बोर्डवर पट्टी लावून तक्ता आखला. रकाने तीन: काय विचारलं, काय सांगितलं, चहा किती प्यायले. पहिल्या आल्या मॅडम. "नऊ-दहाची बस?" "काका, आम्ही मेट्रो आणतोय." "बरं, आणि फुटपाथ?" "मेट्रो आल्यावर फुटपाथ लागणारच नाही." त्यांच्या रकान्यात काकांनी लिहिलं: मेट्रो, मेट्रो, चहा दोन. दुसरा एक अपक्ष. तो म्हणाला, जीवदानीच्या डोंगरावर जातो तसा रोपवे आपण प्रत्येक बिल्डिंगच्या गच्चीवरून स्टेशनला नेऊ. काकांनी शांतपणे विचारलं, "आणि थांबा कुठे?" तो म्हणाला, "थांबायचं नाही काका, विकास थांबत नाही." चहा अर्धा. उरलेला टाकून पळाला.

मी पण या धंद्यात होतो, लपवत नाही. प्रचाराच्या भोंगेवाल्या रिक्षात बसून घोषणा द्यायचं काम मला मिळालं होतं. सकाळी मॅडमच्या रिक्षात, बारीक प्रेमळ आवाज. संध्याकाळी तिसरे उमेदवार दादा, त्यांच्या रिक्षात, जाड, छातीतून. सकाळी मेट्रो मॅडम आणायच्या, संध्याकाळी तीच मेट्रो दादा आणायचे. रिक्षावाला यादवसुद्धा तोच, फक्त बॅनर बदलायचा. एकदा माझं चुकलं आणि दादांच्या रिक्षातून "तुमची लाडकी ताई" असं जाड आवाजात निघालं. पूर्ण फुलपाड्यात कोणाच्या लक्षात आलं नाही.

तर एका संध्याकाळी दादा काकांकडे आले. मी मागे माईक घेऊन उभा. दादांनी वाकून पाया पडल्यासारखं केलं, म्हणजे गुडघ्यापर्यंतच पोचले. काकांनी चष्मा पुसला. "नऊ-दहाच्या बसबद्दल विचारतोय. तुमचा स्टँड काय?"

दादा फोनमध्ये होते. त्यांना शेवटचा शब्दच ऐकू गेला. "स्टँड ना? देऊन टाकला! लिही रे, काकांना स्टँड. कुठे हवा काका?"

"कुठे म्हणजे? लोकांसमोर! तिकडे खांबाजवळ उभे राहा आणि घ्या स्टँड."

"खांबाजवळ. लिही रे. झालं तुमचं काम."

काकांचा चेहरा असा उजळला की मी तसा कधी बघितला नव्हता. त्यांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "अगो, ऐकलंस काय? घेतायत हो स्टँड!" आतून काकूंनी विचारलं, "म्हंजे बस येनार?" आणि तोपर्यंत मला घोळ कळला होता. दादांचा माणूस वहीत काय लिहीत होता ते मला दिसत होतं: रिक्षा स्टँड, खांबाजवळ, अर्जंट. तिथेच बोलायला पाहिजे होतं. पण जोक इतका मस्त जमून आला होता की मला तो मोडवला नाही. उलट दुसऱ्या दिवशी मीच भोंग्यावरून ओरडत फिरलो, "काकांचा स्टँड, दादांचा शब्द!" तक्त्यात काकांनी दादांपुढे लिहिलं: होय. चहा तीन, बिस्किटंही.

दादा निवडून आले आणि शब्द पाळायला महिनासुद्धा लावला नाही. एका रविवारी काका फडकं घेऊन नाक्यावर गेले तर खांब नाही. अडचण होत होती म्हणून उपटला. त्या जागी मांडव, नारळ, आणि हा एवढा बॅनर: ज्येष्ठांच्या अथक मागणीला यश, दादांनी स्टँड दिला! खाली काकांचा फोटो, हळदीकुंकवाच्या दिवशी पोह्याचा घास घेताना काढलेला, तोंड उघडं. दादांनी काकांना शाल घातली. काका हळूच म्हणाले, "पण बस?"

दादा खरंच गोंधळले. "काका, तुम्ही स्टँड मागितलात, स्टँड दिला. आता बस मागा ना. पुढच्या टायमाला बस."

टाळ्या पडल्या. काकांनी शालीने चष्मा पुसला. नव्या स्टँडवरच्या पहिल्या रिक्षावाल्याला फक्त म्हणाले, "अर्नाळा?" तो म्हणाला, "ब्रिज के उस पार नहीं जाएगा, चाचा."

पुढचे आठ दिवस वरून घसा खाकरल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मिमिक्री करणाऱ्याला दुसऱ्याचा आवाज गेला की फार वाईट वाटतं, कारण आपलं दुकानच त्यावर चालतं. पण हे तसलं नव्हतं. मी यादवला गाठला. तो म्हणाला, "उस पार? चल, तेरे लिए." रविवारी नऊला पाच कमी असताना मी काकूंना हात धरून खाली आणलं. काका नाक्यावर उभे होतेच, आपल्याच बॅनरखाली. रिक्षा बघून म्हणाले, "स्पेशल केलीस?"

"स्पेशल नाही काका, बस आहे," मी नऊ-दहाच्या बसच्या जुन्या कंडक्टरच्या आवाजात म्हणालो आणि नाण्याने दांडीवर टिंग टिंग वाजवलं. "चला अर्नाळा, अर्नाळा! दारात नका थांबू मावशी, आत सरका, आख्खी गाडी रिकामी आहे!"

काकू हसता हसता पिशवी घेऊन आत चढल्या. "अगो बाय, तोच गो तो मेला! चला हो तुमी पन."

काका हलले नाहीत. "तू जा," म्हणाले. "मीपण आलो तर इथे कोण? परत कोणी पॅड घेऊन आला, आणि इथे कोणीच नसलं, तर म्हणेल मागणीच नाही."

रिक्षा निघाली. काकू मागच्या फटीतून वाकून बघायला धडपडत होत्या. "बघ रे, माझा गुडगा वळत नाय. आमाला हात करतो, का त्या बसला?"

मी मान वळवून बघितलं. खांब होता त्याच जागी काका उभे होते, हात पट्टीने आखल्यासारखा सरळ बाहेर काढलेला. तोंड मात्र आमच्याकडे नव्हतं, बस जिकडून यायची तिकडे होतं.

"आपल्यालाच, काकू," मी म्हणालो. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या स्वतःच्या आवाजात.