शाप अण्णांचा, उःशाप आमचा

माझी वहिनी वेदवती आठवडाभर तिरुविडैमरुदूरच्या शाळेत गणित शिकवी आणि रविवारी दुपारी कुंभकोणम्‌ला, माझ्या माहेरच्या कूडात, म्हणजे मधल्या दालनात, राज्यंच्या राज्यं बुडवी. हे मी आजही ऐटीत सांगते.

१९८९ साली तिच्या भावाने मद्रासहून एका खेळाचं इंग्रजी पुस्तक आणलं. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, एकाने गोष्ट चालवायची, आणि अडलं की फाशांना विचारायचं. त्या पुस्तकातले फासे इथे कोण विकणार? आम्ही दायम् खेळायचे पितळी लांब फासे काढले. गोष्ट वहिनी चालवी. तिचा नवरा, म्हणजे माझा मधला भाऊ सुंदरराव, धनुर्धर झाला. मी चोर झाले, त्याचं घरात कुणाला नवल वाटलं नाही. थोरले हनुमंतअण्णा ऋषी झाले.

तिथेच घोळ झाला. अण्णांच्या ऋषीने घोर तप केलं आणि वर मागितला, ‘माझ्या तोंडून निघेल तो शाप खरा व्हावा.’ पुस्तकात असलं काही नव्हतं. पण तप पुरं झाल्यावर वर नाकारायचा, हे हरिकथा ऐकत वाढलेल्या वहिनीला कसं जमावं? देऊन बसली.

मग काय, राक्षस दिसला की अण्णांचा शाप, की राक्षस भस्म. सुंदररावचे बाण भात्यात, आणि मी आपली मुरुक्कू खातेय.

“वर काढून घे,” सुंदरराव शेवटी तिला म्हणाला, “नाहीं तर पुढच्या आयतवारीं आम्हीं दोघं बसत नाहीं.”

वहिनीचं तोंड उतरलं. खेळ म्हणजे तिचा जीव की प्राण. आणि थोरल्या दिरांना ‘नाही’ म्हणायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

पुढच्या रविवारी ‘आज एवढा एकच डाव’ म्हणून वहिनीने आम्हा दोघांना बसवलं. राक्षस आला. अण्णांनी हात उचलला. “भस्म हो.”

“होतोय,” वहिनी शांतपणे म्हणाली. “पण त्याने तुमचे पाय धरलेत, अण्णा. पाय धरल्यावर उःशाप न देणारा ऋषी कुठे ऐकलात?”

अण्णांनी हात खाली घेतला. “सरि, बरं. देतों.”

“शाप तुमचा. उःशाप मात्र हीं दोघं ठरवतील.”

मी मुरुक्कू खाली ठेवला. सुंदररावचा बाण लागताच राखेतून तो उठावा आणि माझ्यासाठी त्याच्या किल्ल्याचं दार उघडावं, असं आम्ही ठरवलं. अण्णांचा वर तसूभरही घटला नाही, आणि आम्हा दोघांना भरपूर काम मिळालं. थोरल्या दिरांचा मान राखून त्यांना वेसण घालणारी अशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

पुढे एका रविवारी अण्णांनी शापासाठी हात उचलला, थांबले, आणि माझ्याकडे वळले. “विजी, उःशाप काय देशील तें आधीं सांग. मग मी बोलतों.”

माझ्या लग्नाचा मुहूर्तसुद्धा या माणसाने मला न विचारता धरला होता. वहिनी फासे हातात धरून माझी वाट पाहत बसली.