पाच ताऱ्यांचा आहेर

माझं काम नेमकं काय, हे आमच्या घरात कुणालाच धड माहीत नाही. जळोची गावातल्या एका खोलीत बसून, लोकांच्या वेबसाइट सर्चमध्ये वर दिसाव्यात म्हणून मी खटपट करते. आई शेजारणींना सांगते, "ती मोबाईलमधी नावं वर नेती." जणू मी लिफ्टच चालवते. पण गिऱ्हाइकांची समजूतही याहून फार पुढची नसते.

इंदापूरजवळ माझ्या मामांची रोपवाटिका होती. पेरू, डाळिंब, सीताफळ. पूर्वी शेतकरी एकमेकांकडून ऐकून यायचे, चहा घेऊन, रोपं हाताळून सौदा ठरवायचे. आता त्यांची मुलं मोबाईलवर शोधतात आणि जी रोपवाटिका आधी दिसेल तिला फोन लावतात. मामांचा फोन वाजेनासा झाला. पिशवीतलं रोप काही कायम थांबत नाही, त्याचं वय निघून जातं. "औंदाचा हंगाम गेला तर मी बंद करतो समदं," असं मामांनी मला सरळच सांगितलं. कलमं बांधण्यापलीकडे त्या माणसाला दुसरं काही आवडतच नव्हतं.

मी वेबसाइट करून दिली, नकाशावर जागा नोंदवली. थोड्याच दिवसांत मामांचा फोन आला. "पोरी, आपला पयला नंबर लागला की गं!" झालं होतं असं, की आंघोळ झाली की ते देवाला हात जोडायचे आणि लगेच मोबाईलवर स्वतःचंच नाव शोधायचे. ते रोज हेच शोधतात एवढं त्यांच्या मोबाईलला कळत होतं, तो त्यांना त्यांचंच नाव वर काढून दाखवायचा. खात्री पटावी म्हणून मी इंदापूरच्या स्टँडवर एका अनोळखी बाईंचा मोबाईल मागून घेतला आणि त्यावर पेरूची रोपं शोधली. मामा बोटानं खाली खाली सरकवत राहिले. त्यांचं नाव काही येईना.

"ह्यांचा मोबाईल जुना हाय," म्हणून त्यांनी तो परत दिला.

मी म्हटलं, मामा, याला वेळ लागतो. कोणतं कलम कोणत्या मातीत धरतं, पाणी किती द्यायचं, हे तुम्ही गिऱ्हाइकाला तोंडी सांगता ना, तेच आपण नीट लिहून टाकू. त्यांना ते फार पुळचट वाटलं. त्यापेक्षा सगळ्या तालुक्यांची नावं वेबसाइटच्या खाली बारीक अक्षरात टाकता येतील का, एकदाच पैसे भरून नाव कायमचं वर ठेवता येईल का, असे त्यांचे प्रश्न. नाही म्हणून म्हणून माझं डोकं उठायचं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग त्यांच्या नातीचं बारसं आलं. पत्रिकेत आहेर आणू नये असं छापलं होतं. जेवणं उरकली तसा मामांनी माइक हातात घेतला.

"आहेर आमी घेनार न्हाय. पर समद्यांनी मोबाईल काढा. आपल्या रोपवाटिकंला पाच-पाच तारे द्या!"

मी धावत गेले. "मामा, नका हो. ही काय निवडणूक आहे?"

"निवडणूक न्हाय तर काय? ज्याच्यामागं मानसं, त्यो वर."

या भागात जन्म काढलेल्या माणसानं आजवर दुसरं पाहिलं तरी काय होतं? आख्खी भावकी कामाला लागली. दारात तुळशीशिवाय झाड नाही अशा, एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या दाजींनीही लिहिलं, "एक नंबर रोपं." तेच शब्द सगळ्यांनी लिहिले, एकाच मांडवातून, घरच्याच वायफायवरून. मामा हात जोडून प्रत्येकाचे आभार मानत फिरले.

त्याच आठवड्यात त्यांची जागा नकाशावरून नाहीशी झाली. खोटी वाहवा यंत्राला ओळखता येते, आणि ही तर आंधळ्यालाही दिसली असती. लांबच्या एका जुन्या गिऱ्हाइकानं लगडलेल्या बागेचा फोटो टाकून मनापासून चार ओळी लिहिल्या होत्या, त्याही गेल्या. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मी नकाशावाल्या कंपनीकडे अर्जांवर अर्ज केले. दरवेळी तेच ठरावीक उत्तर. मामा म्हणायचे, "कुनाची तरी वळख काढ. त्यांचं हापिस पुण्यात असंलच की. जातो, पाया पडतो." जळालेल्या ट्रान्सफॉर्मरपासून कॉलेजच्या प्रवेशापर्यंत त्यांची सगळी कामं ओळखीनंच झाली होती.

हंगाम गेला. त्या जागेवर ऊस लावायचं ठरलं. शेडनेट उतरवायच्या दिवशी मी गेले, तर मामा रिकाम्या वाफ्याच्या कडेला बसले होते. महिन्याभरात माणूस निम्मा झाला होता.

"तितं मानूसच न्हाय म्हनतीस?"

"नाही मामा. यंत्रच ठरवतं."

"निस्तं यंत्र?"

"हो."

त्यांनी वाफ्यातली एक रिकामी पिशवी उचलून झटकली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मग आपल्यावर रागावलं कोन?"

मला रडूच आलं. कुणी रागावलं असतं, तर मामा त्याच्या दारात दिवसभर बसले असते आणि समजूत काढूनच उठले असते. तेवढं त्यांना येत होतं.