एक चूल, एक कुटुंब

नगरपालिकेच्या गृहनिर्माण खात्यात त्यांची एकतीस वर्षं गेली, आणि त्यातली बरीचशी लोकांच्या स्वयंपाकघरांत. त्यामुळे गल्लीत त्यांना सगळे चूलमास्तर म्हणत. शहराला किती घरं कमी पडतात हे ठरवायला दर दहा वर्षांनी पाहणी व्हायची. पाहणीचा नियम एकच होता: एक चूल, एक कुटुंब. एका छपराखाली दोन चुली पेटत असतील, तर दुसऱ्या कुटुंबाला घर नाही असं धरायचं आणि त्याचं नाव स्वस्त घरांच्या यादीत घालायचं. चूल एकच असेल, तर आत चार माणसं असोत की चौदा, त्यांची गरज शून्य.

लोकही काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. पाहणी आली की शेगड्या उसन्या मिळेनाशा व्हायच्या. कोपऱ्यात फळी टाकायची, तिच्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं, की झालं दुसरं कुटुंब तयार. पण चूलमास्तर असे हातोहात फसणाऱ्यांतले नव्हते. ते शेगडीमागच्या भिंतीवरून बोट फिरवत. बोट तेलकट झालं तर चूल खरी. कोरडं राहिलं तर फुली. पुढे खात्यातले सगळेच मोजणारे हीच युक्ती वापरू लागले.

शेवटच्या पाहणीत ते शिंपीणबाईच्या घरी गेले. एका खोलीत तिचा संसार, तिच्या दिराचा संसार आणि शिलाई मशीन. दिराची पोरं मशीनच्या टेबलाखाली झोपत.

"अहो मास्तर, कालच भिंत पुसलीय मी," ती म्हणाली.

"आणि छत? तेही पुसलंत वाटतं!" असं म्हणत त्यांनी फुली मारली. त्या दिवशी ते स्वतःवरच खूश होते.

कोपऱ्यावर कंत्राटदाराचं तीन मजली घर होतं. तिथे सुनांचं पटत नाही म्हणून मजल्यागणिक स्वयंपाकघर. तिन्ही भिंती तेलकट. चूलमास्तरांची पेन्सिल क्षणभर अडली. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी तीन कुटुंबं लिहिली, म्हणजे कंत्राटदाराची दोन नावं यादीत गेली.

राहिलं त्यांचं स्वतःचं घर. दोन खोल्या. आतल्या खोलीत मुलगा, सून आणि दोन नाती, बाहेरच्या खोलीत ते आणि बायको, मध्ये पडदा. शेगडी एक, तीही सुनेच्या माहेरून आलेली. दुसरी ठेवायला जागाच नव्हती.

जेवताना सुनेने विचारलं, "बाबा, आपल्या घराची पाहणी कोण करणार?"

"मीच. माझ्याच भागात येतं."

"मग दोन चुली लिहा ना. हवं तर उद्यापासून खरंच वेगळं शिजवते. भिंत तेलकट व्हायला किती दिवस लागतात, ते तुम्हालाच ठाऊक."

बायकोला हसू आलं. चूलमास्तरांना आलं नाही. "घरच्यांना वेगळा नियम लावू?"

"बाबा," मुलगा ताटातून मान वर न करता म्हणाला, "पुढच्या पाहणीपर्यंत माझ्या पोरी लग्नाच्या होतील. तोवर पडदाच का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं: चूल एक, माणसं सहा, गरज शून्य. खाली सही केली. आपण फार मोठं काही केलं असं त्यांना वाटलं. घरात कुणी तसं म्हणेल म्हणून ते दोन-तीन दिवस वाट बघत होते.

शहराला पंचवीस हजार घरं लागतील असा अंदाज होता. आकडा निघाला नऊशे. साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांच्या पाठीवर थाप मारली. "तुमच्या बोटाने फुगलेला आकडा आटोक्यात आणला बघा!" गरजच एवढी थोडी, मग घरांसाठी राखलेली पाण्याच्या टाकीजवळची जमीन अडवून कशाला ठेवायची? तिथे गाड्या उभ्या करायला तळ झाला.

यादी फळ्यावर लावायचं काम चूलमास्तरांकडेच आलं. शिंपीणबाईने ती वरपासून खालपर्यंत दोनदा वाचली. कंत्राटदाराची दोन्ही नावं तिने मोठ्याने वाचली. मग विचारलं, "मास्तर, तुमच्या मुलाचं नाव कुठंय?"

"नाही."

"म्हणजे घरातही बोट फिरवलंत?" ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा असता, तर त्यांना बरं वाटलं असतं.

महिन्याभरात मुलाने शेवटच्या बसथांब्याच्याही पुढे एक खोली भाड्याने घेतली. जाताना सुनेने शेगडी काढली, स्वच्छ पुसली आणि बरोबर नेली. मागच्या भिंतीवरचा तेलकट डाग तेवढा राहिला. त्याच्यापुढे दोघांनी एक छोटी शेगडी आणून मांडली. नाती सुट्टीत यायच्या, मग तेही कमी झालं.

दहा वर्षांनी पाहणीला एक मुलगी आली. भिंतीकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

"चुली किती, आजोबा?"

"एक."

"आणि माणसं?"

"दोन."

"दोन खोल्या, दोन माणसं." तिने लिहून घेतलं. "तुम्हाला तर जागा जास्तच आहे की!"

"आहे ना," बायको आतून म्हणाली. "ह्यांनी स्वतः मोजून करून दिलीय."

मुलीने कागद पुढे केला. चूलमास्तरांनी चष्मा लावला आणि तिने बोट ठेवलं होतं तिथे सही केली.