तिरक्या वाटेखाली

पोस्टमनकाका निवृत्त झाले, पण त्यांचे पाय काही निवृत्त व्हायला तयार नव्हते. एकतीस वर्षं वरच्या गावातून खालच्या गावात शेतांमधून टपाल नेलेलं. आता घरात बसून करायचं काय? शेवटी बायकोच म्हणाली, "माझ्या मागे-मागे स्वयंपाकघरात घुटमळण्यापेक्षा चार माणसं गोळा करा आणि त्यांना फिरवा."

काकांनी ते मनावर घेतलं. दर रविवारी सकाळी नऊ-दहा जण त्यांच्यामागून बांधावरून चालायला लागले. त्यात दातांचे डॉक्टर होते, शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका बाई होत्या. कुठल्या घरचा कुत्रा चावरा आणि कुठली म्हातारी एकच पत्र तीनतीनदा वाचून घ्यायची, हे काका चालता चालता रंगवून सांगायचे.

त्या रविवारी गव्हाची कापणी नुकतीच उरकली होती. शेताच्या कोपऱ्यातून एक तिरकी पाऊलवाट जायची, त्यामुळे बांधाचा मोठा वळसा वाचायचा. ती वाट काकांनीच चालून चालून पाडलेली. सगळे एकामागोमाग पुढे गेले. डॉक्टर बुटाची नाडी बांधायला मागे थांबले.

मग मागून त्यांचा आवाज आला. दवाखान्यात बोलायचे तसाच, हळू.

"काका, माझे पाय कशालाच लागत नाहीयेत."

काकांनी वळून पाहिलं. डॉक्टर काखेपर्यंत जमिनीत होते. दोन्ही कोपरं मातीवर पसरलेली, चेहरा पांढराफटक. कुणाला काही उमगेना. एकजण धावत निघाला, तसे काका कडाडले, "जागचं हलू नका." मग स्वतः पालथे पडले आणि पोटावर सरकत पुढे गेले. बाईंनी त्यांचे घोटे धरले, बाईंचे आणखी कुणी धरले. काकांनी डॉक्टरांचं मनगट पकडलं आणि इंच इंच करत सगळ्यांनी त्यांना ओढून काढलं. एक बूट आत राहिला. खालून पाण्याचा आवाज आला, तोही बऱ्याच वेळाने.

बाई डॉक्टरांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. काका मात्र भोकाकडे बघत बसले. कडेला कुजलेल्या फळ्यांची टोकं दिसत होती.

गलका ऐकून शेतमालकाची म्हातारी आई काठी टेकत आली. "अगंबाई, ही तर जुनी विहीर," ती म्हणाली. "मी लग्न होऊन आले त्याच वर्षी सासऱ्यांनी फळ्या टाकून झाकली. वर माती लोटली, झालं."

"मी रोज इथून जायचो, आजी. पाठीवर पिशवी घेऊन."

"मला वाटायचं, तुम्हाला ठाऊक असेल. सगळ्यांची पत्रं तुमच्याकडे, गावातलं काय ठाऊक नसणार तुम्हाला?"

काका मनातल्या मनात मोजू लागले. आठवड्याचे सहा दिवस, जाता-येता. आणि सुट्टीत लेक हट्ट करायची, तेव्हा तिला खांद्यावर घेऊन. इथेच ती खांद्यावर उड्या मारायची. हे आठवलं आणि काका भोकापासून मागे सरकले.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं, फक्त लेकीचं सोडून. तिने ऐकता ऐकता हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाली, "आणि पोरगी?" काकांनी नुसती होकाराची मान हलवली. ती उठली आणि दुसऱ्या गावी नांदणाऱ्या लेकीला फोन लावून, "काही नाही गं, आवाज ऐकायचा होता," म्हणाली.

पुढचे दोन रविवार काका घराबाहेर पडले नाहीत. अंगणातसुद्धा पाऊल टाकण्याआधी टाचेने जमीन दाबून बघायचे. बायको बघायची, पण एरवीसारखं टोचून बोलायची नाही.

तिसऱ्या रविवारी डॉक्टर दारात उभे. पायात नवे बूट.

"चला."

"मला नाही जमायचं, डॉक्टर. मीच नेलं होतं तुम्हाला."

"आणि काढलंही तुम्हीच. मला एकट्याने त्या बाजूला जायची हिंमत होत नाहीये."

दोघेच निघाले. शेतमालकाने भोकाभोवती खांब रोवून तार ओढली होती. भरायला दगडांचा ढीग आणून टाकला होता. दोघंही तारेपासून दहा पावलांवर थांबले. डॉक्टरांनी काकांची बाही घट्ट धरली होती. काकांनीही ती सोडवून घेतली नाही. मग बांधाच्या लांबच्या वाटेने ते खालच्या गावाकडे चालू लागले.