मापाऱ्याच्या मुलाचे मैल

कुणी कसलाही भाव सांगितला, की दादा आधी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर चोळायचे, चिमटीत मिठाचे खडे धरून ओलावा तपासावा तसे. मग मान किंचित वाकडी करून विचारायचे, "ह्यो भाव कोनी काढला?"

महाग की स्वस्त, हा त्यांचा मुद्दाच नसे. भाव काढणारा माणूस त्यांना समोर हवा असे. वडापाववाल्याला हा प्रश्न, डॉक्टरला हा प्रश्न, आमच्या पालीला गणपतीच्या देवळाबाहेर हार-दुर्वा विकणाऱ्या बाईलासुद्धा हाच प्रश्न. एकदा ऑफिसची सहल नागावला गेली होती. बोटीमागे समुद्रातून ओढत नेतात त्या पिवळ्या रबरी केळ्यावर बसायचे माणशी किती ते बोटवाल्याने सांगितलं आणि दादांची बोटं चोळायला लागली.

"कोनी काढला?"

"शेठने."

"शेठ कुठं हाय?"

"अलिबागला."

"मंग त्याला बोल, इथं येऊन उन्हात हुभा रहा आनि मंग भाव काढ."

आम्ही सगळे केळ्यावर बसून, पाण्यात पडून, नाकातोंडात खारं पाणी घेऊन परत आलो. दादा वाळूत आमच्या चपला राखत बसले होते आणि आमच्याकडे बघून खूश होते.

न्हावा शेव्याच्या बंदराजवळ आमचं कंटेनर वाहतुकीचं ऑफिस. मी कागदपत्रं बघायची, ते ट्रेलर बघायचे. म्हणजे ड्रायव्हर, टायर, बॅटऱ्या आणि वाटेतली भांडणं. त्यांना सगळे दादा म्हणत, मालकही. मी सुधागडातल्या भातशेतीवाल्या घरातली, फटकन बोलणारी. ते उरणकडच्या मिठागरवाल्या आगरी घरातले, माझ्या वडिलांच्या वयाचे. मला 'बाय' म्हणत आणि माझ्या रागाला अजिबात भीत नसत.

भावाचं हे वेड त्यांच्यात वडिलांकडून आलं होतं. वडील मिठागरावर मापारी होते. मीठ पिकवणारा एक, घेणारा व्यापारी दुसरा आणि रास मोजणारा मापारी तिसरा. मापाच्या दिवशी वडील घरून पाण्याचा तांब्या घेऊन निघत. डोक्यावर ऊन, खाली पांढरं मीठ, जीव कासावीस झाला तरी त्या दोघांपैकी कोणाच्या हातचं पाणी घेत नसत. पाणी प्यायलं की माप हलतं, असं त्यांचं म्हणणं. हे सांगताना दादांचा आवाज चढायचा. "इकनारा आनि मापनारा येकच आसला, तं त्याला बाजार नाय बोलत, बाय. त्याला लूट बोलतान."

अशा माणसाच्या हातात एका गुळगुळीत बोलणाऱ्या विक्रेत्याने क्रेडिट कार्ड ठेवलं. कार्डावर खर्च केला की पॉइंट मिळणार, आणि ते पॉइंट एका विमान कंपनीचे मैल होणार. मालकांच्या कार्डाची मर्यादा नेहमी संपलेली असे, त्यामुळे चाळीस ट्रेलरचे टायर दादांच्या कार्डावर यायला लागले. मालक पैसे वेळेवर भरत, मैल दादांचे. तुम्ही बंदराकडचे रस्ते पाहिले असतील, तर टायर किती लवकर झिजतात ते मी सांगायला नको. दोन वर्षांत, उभ्या जन्मात विमानात पाऊल न ठेवलेला हा माणूस विमानाच्या मैलांचा सावकार झाला.

आणि मग दर सोमवारी सकाळी, चहाच्या आधी, माझ्या संगणकासमोर त्यांची खुर्ची यायची. "खोल गो बाय, भाव बघू."

पहिल्याच सोमवारी त्यांनी मला घाम फोडला. त्याच पॉइंटांत मिक्सर घेतला तर एका पॉइंटाला वीस पैसे पडत होते. दुकानाचं कुपन घेतलं तर तीस. विमानाचं तिकीट घेतलं तर सत्तरच्या वर. दादा उठून उभे राहिले. "माल येकच आनि भाव तीन? आनि तिनी भाव त्यांनीच काढलं?" मी म्हटलं, दादा, हे असंच असतं. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच कंपनीची भागीदार.

पण माणूस हिशेबाला पक्का. तिकिटाचे रोख पैसे किती, त्यातून मैल देऊनही भरावा लागणारा कर वजा, उरलेल्याला मैलांनी भागायचं, ही रीत त्यांनी स्वतःच शोधली. महिन्याभरात सगळं ऑफिस आपापली कार्डं घेऊन त्यांच्याकडे यायला लागलं. मालकांची बायको पॉइंटांत इस्त्री घेणार होती, तिला यांनी फोनवर झापलं. "वहिनी, इस्त्री बाजारातून घ्या. पॉइंट ठेवा. ज्याला जायाचं हाय कुठं, त्यालाच पॉइंटाची किंमत. नायतं ती फकस्त आकडं." पॉइंटाचा भाव तुम्ही तो कशासाठी मोडता त्यावर ठरतो, हे मी पुढे शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलं, पण इतक्या सोप्या शब्दांत नाही.

त्यांना स्वतःला जायचं होतं कॅनडाला. एकुलती मुलगी तिथे होती, जावई तिथे मोठा ट्रक चालवायचा. तिला दिवस गेले आणि डॉक्टरांनी विमानप्रवास करू नको म्हणून बजावलं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही आपली रीत. दादांनी त्यावर एका वाक्यात तोडगा काढला. "पोर म्हायेरला येत नसंल तं म्हायेर तिच्याकडं जाईल." माहेर म्हणजे दादा आणि काकू, दोघं. रोखीनं दोन तिकिटं काढणं त्यांच्या पगारात बसणारं नव्हतं. बाळ दिवाळीच्या सुमारास यायचं होतं.

जूनमध्ये मैल इतके होते, की काकूंचं जाऊन-येऊन तिकीट निघत होतं आणि दादांच्या तिकिटाला थोडेसे कमी पडत होते. मी म्हटलं, काकूंचं तर आत्ता काढून टाकू. ते हसले.

"पावसाच्या तोंडावर मीठ इकतो तो येडा, बाय. पेंढा घालून रास झाकून ठेवाची. पावसात नवा मीठ बनत नाय. गनपती गेलं का भाव चढतो. तवाच दोघांचा निघल."

मिठागरवाल्याच्या सात पिढ्यांचं शहाणपण ते. मिठाच्या बाबतीत सोळा आणे खरं. पण मीठ पावसात बनत नाही आणि मैल बारा महिने बनतात. दर सोमवारी तिकिटाला लागणारे मैल मीच पाहत होते. ते वाढलेले मी पाहिले होते, कमी झालेले एकदाही नाही. हे मी त्यांना एकदा म्हटलंही. त्यांनी पुन्हा मिठाचं सांगितलं आणि मला ते ऐकायला इतकं आवडायचं की मी पुढे बोलले नाही. तिथे मी त्यांच्याशी भांडायला हवं होतं. नको तिथे भांडणारी मी, हवं तिथे गप्प बसले.

गणपतीचं विसर्जन झाल्यावरच्या सोमवारी पत्र आलं होतं. 'तुमचा प्रवास अधिक आनंददायी व्हावा म्हणून आम्ही योजनेत सुधारणा केली आहे.' सुधारणा म्हणजे कॅनडाच्या तिकिटाला आता दुपटीहून जास्त मैल. आधी सांगणं नाही, सवड नाही, आजपासून लागू. मला अजूनही ते पत्र आठवलं की कपाळाची शीर उडते. चोरसुद्धा घरफोडी करून जाताना 'तुमचं घर मोकळं व्हावं म्हणून' अशी चिठ्ठी ठेवत नाही.

दादांनी मला फोन लावायला लावला. पलीकडच्या मुलीने नियम आणि अटी वाचल्या. कंपनीला कधीही, कुठलाही बदल करण्याचा हक्क आहे आणि आपण त्याला सही करून मान्यता दिली आहे, म्हणाली. दादांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. "पोरी, तुज्यावर राग नाय. पन मना सांग, मापलं तवा आमच्या बाजूचा कोन हुभा व्हता?" मुलीने विचारलं, "सर, आणखी काही मदत करू शकते का?"

जमलेल्या मैलांत काकूंचं फक्त जाण्याचं तिकीट निघालं. दादांचं राहिलंच. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला नाही, यार्डात जाऊन ट्रेलरच्या सावलीत बसले. मी गेले तर म्हणाले, "आवशीचं काम आवस करल. बाप काय, फोटूत बघल." थोड्या वेळाने उठले आणि स्वतःलाच धीर दिल्यासारखे बोलले, "तिच्या परतीचा बघू. तवर टायर झिजतील ना."

काकू एकट्या गेल्या. सुक्या बोंबलांची पिशवी सामानातून काढायला लावली म्हणून विमानतळावर रडल्या, एरवी अजिबात नाही. नात झाली. दादा रोज जेवणाच्या सुट्टीत फोनवर तिला बघायचे. तिकडे मध्यरात्र उलटलेली असायची, पण बाळ जागं. काकू बाळाला फोनसमोर धरून म्हणायच्या, "ह्यो बघ तुजा आजा." आणि दादा दोन्ही हात पुढे करायचे, घेतल्यासारखे. कॅन्टीनमध्ये आम्ही मुद्दाम दुसरीकडे बघायचो.

टायर झिजले. फेब्रुवारीत काकूंच्या परतीच्या तिकिटाला पुरतील इतके मैल जमले. या वेळी मात्र दादांनी मीठ झाकून ठेवायचं नाव काढलं नाही. "सोमवारी काढून टाक," म्हणाले. शुक्रवारी दुपारी यार्डात एका ट्रेलरला मागे घ्यायला हात दाखवता दाखवता ते खाली बसले आणि परत उठले नाहीत. दवाखान्यात नेलं तोवर संपलं होतं. हातातून पडलेल्या त्यांच्या फोनचा ट्रेलरच्या चाकाखाली सिमकार्डासकट चुराडा झाला होता.

त्यांचा पुतण्या म्हणाला, काकी येईपर्यंत ठेवू, पण एक दिवस, फार तर दीड. दवाखान्याचीही तितकीच मुदत होती. बाळाचा पासपोर्ट नव्हता, त्यामुळे मुलीला निघता येत नव्हतं, म्हणजे काकूंनाच एकटीला यायचं होतं. मी संगणक उघडला. त्याच दिवशीच्या विमानात जागा होती, मैल पुरत होते. बटण दाबलं की ओटीपीचे आकडे येणार ते दादांच्या फोनवर, आणि फोनचे तुकडे माझ्या पर्समध्ये. मी मदतवाल्यांना फोन केला. जन्मतारीख सांगितली. आईचं नाव सांगितलं. सगळं पाठ होतं मला.

पलीकडचा माणूस म्हणाला, "खातेदारांना एकदा फोन द्या, त्यांचा होकार हवा."

माझ्याभोवती दहा ड्रायव्हर उभे होते. सगळे आगरी, सगळ्यांचा आवाज दादांसारखा घोगरा. कोणीही फोन घेऊन 'हा, मीच बोलतो' म्हटलं असतं. आणि मी, शहाणी, कागदपत्रं सांभाळणारी, मी म्हटलं, "ते आज दुपारी गेले. त्यांच्या पत्नीला अंत्यदर्शनाला यायचं आहे."

तो म्हणाला, ऐकून वाईट वाटलं. आणि त्याच दमात म्हणाला, की नियमाप्रमाणे खातेदाराच्या मृत्यूची नोंद होताच खातं बंद होतं आणि सगळे मैल रद्द होतात. ते वारसाला मिळत नाहीत. मी ओरडले. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चाळीस ट्रेलरच्या टायरांचे मैल, एका माणसाने पै-पै जमवलेले, आणि तुम्ही ते त्याचं प्रेत घरी यायच्या आत खाल्ले? तो म्हणाला, "मॅडम, मी समजू शकतो." फोन बंद झाल्यावर मला संदेश आला, आमच्या सेवेला एक ते पाचमध्ये किती गुण द्याल?

ड्रायव्हरांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिकिटासाठी वर्गणी काढली, मालकांनी मोठा वाटा उचलला. पण तोवर ती जागा गेली होती. जागा असलेलं पुढचं विमान दोन दिवसांनी. पुतण्याने अग्नी दिला. काकू आल्या तेव्हा राखही खाडीत सोडून झाली होती.

मी भेटायला गेले. ओटीवर बायका होत्या. काकूंनी मला आत नेलं, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, की विमानवाल्यांशी फोनवर तूच बोललीस ना. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. माझी चूक झाली असंही म्हटलं. त्या रागावतील असं वाटलं होतं. माझा हात धरून त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या,

"येक दिस जित्तं ठेवाचं व्हतंस गो त्यांना."